ताण आणि ढील

सदाशिव पेठेतील या गच्चीवरून एक मुलगी प्लॅस्टिकच्या पिशवीचे पॅराशूट खाली सोडत आहे. चार दोरे आणि टोकाला एक खडा. खिशातून काढले तेव्हा चारही दोऱ्यांचा गुंता झाला होता. आता खड्याचे वजन पेलताना ते सरळ आहेत. गुंता होतो तो ढिल्या दोऱ्याचा, कारण ताणलेल्या दोऱ्याला दुसऱ्याभोवती वळण्यास वावच मिळत नाही.

खऱ्या पॅराशूटची रचना याच ताणाभोवती केलेली असते. दोऱ्या नागमोडी दुमडून रबरी कड्यांत अडकवतात आणि कापडाची घडी पिशवीत बंद करतात. उडी मारल्यावर हवेत फेकलेले छोटे पायलट पॅराशूट ही पिशवी ओढते, तेव्हा रबरांतून एकेक वळण सुटत दोऱ्या आधी पूर्ण ताणल्या जातात आणि त्यानंतरच पिशवीचे तोंड उघडून कापड बाहेर येते. हा क्रम उलटला, तर सैल दोरी कापडावरून पलीकडे जाऊ शकते आणि छत्र धड फुगत नाही.

आम्हाला या साऱ्यात सर्वांत देखणा वाटतो तो स्लायडर. चौकोनी कापडाचा हा तुकडा, चार कोपऱ्यांना चार कड्या. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ताशी सुमारे 200 किलोमीटर वेगाने पडणाऱ्या माणसाचे छत्र एकदम उघडले, तर बसणारा हिसका जीवघेणा ठरू शकतो. स्लायडर दोऱ्यांना चार जुड्यांत वेगवेगळे धरून सावकाश खाली सरकतो आणि छत्र तेवढ्याच सबुरीने फुगते.

फुगलेल्या छत्रात हवेचा दाब आतून बाहेर रेटतो, वजन खाली ओढते, आणि या दोहोंमध्ये प्रत्येक दोरी आपापल्या दिशेने ताठ राहते. माणूस गिरकी घेत राहिला, तर मात्र दोऱ्यांना पीळ बसतो. झोपाळ्याला पीळ दिला की पाट किंचित वर उचलला जातो आणि सोडताच वजनाने पीळ उलगडतो. येथेही तेच घडते, आणि उडी मारणारा पाय झाडून उलगडण्यास हातभार लावतो.

गच्चीवर दुसरी खेप सुरू आहे. पहिल्या खेपेस पिशवी लंबकासारखी झुलली, कारण कोंडलेली हवा कधी या कडेखालून, कधी त्या कडेखालून निसटत होती, आणि प्रत्येक हेलकाव्यात एका बाजूचे दोरे सैल पडत होते. आता मुलीने पिशवीच्या मधोमध रुपयापेक्षा लहान भोक पाडले आहे. हवेला वरून वाट मिळाली आहे, आणि खडा जवळजवळ सरळ खाली येत आहे.