पेन्सिलच्या आधी

(पडद्यावर: स्वयंपाकघराची फरशी. परातीत कोमट पाणी, त्यात मोड आलेले वाल. आजी आणि चार वर्षांची नात.)

बिरड्याचे वाल सोलायचे म्हणजे घाई चालत नाही. साल भिजून सैल झालेली असते. अंगठा आणि तर्जनीत वाल धरायचा, मागून हलकेच दाबायचा, की डाळिंबी टुणकन बाहेर. जोर जास्त झाला की तिच्या दोन फाका. या चिमुरडीच्या आतापर्यंत बऱ्याच फुटल्यात. आजी रागावत नाही. फुटलेल्यांसाठी वेगळी वाटी ठेवलीय. आमटीत त्याही जाणार आहेत.

पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते. किती जोर लावायचा, कुठे थांबायचं, हे बोटांना आधी कळावं लागतं.

पण नर्सरीत नाव घातलं की महिनाभरात घरात एकच चौकशी सुरू होते: "आज काय लिहिलं?" तीन वर्षांच्या मुलाच्या वहीत चार-चार पानं 'अ' गिरवलेला, शेवटच्या ओळीत तो पार आडवा झालेला. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती मऊ कूर्चेचीच असतात आणि पुढची काही वर्षं एकेक करून कडक होत जातात. पाचव्या वर्षीसुद्धा हे काम पुरं झालेलं नसतं. त्या हाताला गिरवण्यापेक्षा कणकेचा गोळा, ओली माती, मटार आणि लसणाच्या पाकळ्या जास्त मानवतात. खडूने अंगणभर रेघोट्या मारू द्या. ओळीत बसवायची घाई आपल्याला असते, मुलाला नसते.

(पडद्यावर: बोर्डीचा किनारा, सुरूची झाडं. ओल्या वाळूत शिंपले.)

आता हे पाहा. पालघर जिल्ह्यातलं बोर्डी; तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. ताराबाई त्याआधी गुजरातमधल्या भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत होत्या. खास बनवलेली साधनं हाताळत मुलानं स्वतः शिकायची माँटेसोरी पद्धत त्यांना चांगली ठाऊक होती आणि त्या पद्धतीची साधनं किती महाग पडतात हेही. बोर्डीला त्यांनी शिंपले घेतले, खडे, पानं, बिया घेतल्या. लहान-मोठे, गुळगुळीत-खरखरीत, कमी-जास्त, सगळं त्यातून शिकवता येत होतं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये वाढलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

शिंपले सगळ्यांच्या दारात नसतात. पण परात, वाट्या आणि चमचे नसलेलं घर दाखवा!

(पडद्यावर: संध्याकाळ. ताटं मांडणं.)

"आज जेवायला कोण कोण आहे गं?"
"तू, आई, बाबा, मी... आणि काका!"
"मग काढ बरं ताटं."

ती चार ताटं आणते. मांडायला लागते. काकाची जागा रिकामी राहते. ती सगळ्यांकडे बघते, मग स्वतःच पळत जाऊन पाचवं आणते. कुणी "चुकलं" म्हणालं नाही, हे आम्हाला फार आवडलं.

पाहुण्यांसमोर ५० पर्यंत आकडे घडाघडा म्हणणारं मूल सात पुऱ्या मोजताना एखादी पुरी दोनदा मोजतं. आकडे पाठ असतात, पण माणशी एक ताट, ताटाला एक वाटी ही जोडी जुळलेली नसते. ती जुळली की गणित सुरू झालं म्हणायचं. आणखी एक गंमत घरी करून बघा. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा हा प्रसिद्ध प्रयोग आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या. मुलाकडून "सारखं आहे" असं कबूल करून घ्या. मग त्यातल्या एकाचं पाणी त्याच्यासमोरच उंच, अरुंद पेल्यात ओता. चार वर्षांचं मूल बहुधा ठासून सांगेल, उंच पेल्यात जास्त आहे! समजावत बसू नका, या वयात तसंच दिसतं. त्याला ओताओत करू द्या, फरशी पुसायची तयारी ठेवा.

गोष्ट सांगताना मात्र आपल्यालाच एक सवय मोडावी लागते. "मग कोल्ह्याने काय केलं असेल?" असं विचारतो आणि मूल तोंड उघडायच्या आत उत्तरही आपणच देऊन टाकतो. थोडं थांबा. उत्तर येईल, भलतंच येईल, त्यातून गोष्ट भलतीकडे जाईल. जाऊ द्या. आणि घरात वारली, अहिराणी, मालवणी जे काही बोलत असाल, त्याच बोलीत बोला. शाळाप्रवेशाच्या मुलाखतीला घाबरून चार इंग्रजी शब्द पाठ करून घेण्याने बोलणं वाढत नाही.

मोबाइलबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस आहे: तीन-चार वर्षांच्या मुलांना बसल्या जागी पडदा दिवसाला एक तासाहून जास्त नको, त्याहून कमी असेल तर उत्तमच. आणि दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल हवी. घास भरवताना मोबाइल समोर धरला, की तो तास जेवणातच संपतो.

(पडद्यावर: अंगणवाडी. आरोग्य पथक मुलांची तपासणी करताना.)

शिक्षण हक्क कायदा मुलाला सहाव्या वर्षी हाताशी धरतो. त्याआधीचं बरंचसं घरावर असतं, आणि घरात कधीकधी एक वाक्य महागात पडतं: "मुलगा आहे, बोलेल उशिरा. त्याचा बापही उशिराच बोलला." तीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा येत असलेलं बोलणं मागे पडत असेल, तर वाट बघू नका. अंगणवाडी सेविकेला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. पुढच्या तपासण्या आणि उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथक यायला वेळ असेल, तर आधी कानांची तपासणी करून घ्या.