लेखकाचे हट्ट आणि लेखणी

श्रोतेहो, नमस्कार.

लेखकांच्या सवयी हा आपल्याकडे बहुधा थट्टेचा विषय असतो. कोणाला ठरावीक पेनाशिवाय ओळ सुचत नाही, कोणाला पाठकोरे कागदच लागतात आणि कोऱ्या करकरीत कागदापुढे त्यांचा हात अवघडतो. हे सारे लहरीपणाचे म्हणून सोडून देण्याआधी त्यांतला कोणता हट्ट कामाचा आहे आणि कोणता नुसता मागे उरलेला आहे, हे तपासून पाहावे असे मला वाटते.

मागे उरलेल्या सवयीचे उदाहरण आपल्या नियतकालिकांतच सापडते. मजकूर कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून आणि सुवाच्य अक्षरात लिहावा, अशी सूचना संपादक वर्षानुवर्षे देत आले. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळापासून पुढे कितीतरी दशके छपाईच्या अक्षरांचे खिळे हातानेच जुळवले जात, आणि एकाच लेखाची पाने वेगवेगळ्या जुळाऱ्यांना वाटून द्यायची तर मागची बाजू कोरी असणे सोयीचे होते. आता खिळे गेले, जुळारीही गेले, तरी एकाच बाजूला लिहिणारे लेखक आहेतच. रेडिओवाल्यांचा मात्र या सवयीला आजही पाठिंबा आहे, कारण माइकपुढे पान उलटले की त्याची सळसळ थेट तुमच्या घरात ऐकू येते.

साधन निवडण्याची मुभाच नसेल तर काय होते, याचा दाखला लोकमान्य टिळकांचा आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले ते शिसपेन्सिलीने, कारण शाई मिळत नव्हती. सुटे कागदही मिळत नसत. बांधलेल्या आणि पृष्ठांक घातलेल्या वह्या मिळत. अशा वहीतले पान फाडून टाकता येत नाही आणि मध्ये नवे पान घालताही येत नाही, म्हणून प्रकरणाची मांडणी आधी मनात पक्की करूनच पेन्सिल उचलावी लागत असणार. ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना मुद्द्यामागून मुद्दा ज्या शिस्तीने येतो, तिचे मोठे श्रेय अर्थात टिळकांच्या बुद्धीचे. पण थोडे त्या वह्यांनाही द्यायला माझी हरकत नाही.

खोडायला आणि बदलायला किती कष्ट पडतात, हे साधन ठरवते, आणि त्या कष्टांच्या मापानेच लेखक वाक्य रचायला शिकतो. अमेरिकन कादंबरीकार कॉरमॅक मॅकार्थी यांनी १९६३ च्या सुमारास घेतलेल्या ऑलिवेट्टी टंकलेखन यंत्रावर जवळजवळ पन्नास वर्षे लिहिले. २००९ साली त्या यंत्राचा लिलाव झाला तेव्हा अडीच लाख डॉलरांहून अधिक रक्कम आली, आणि त्यांनी काय केले, तर त्याच जातीचे दुसरे जुने यंत्र अगदी किरकोळ किमतीत वापरायला घेतले. अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज मार्टिन आजच्या काळातले असूनही, आपण वर्डस्टार नावाच्या जुन्या प्रणालीवरच लिहितो, असे त्यांनी २०१४ साली सांगितले होते. वर्डस्टारमध्ये माउस लागत नाही, सगळ्या आज्ञा कळांवरूनच देता येतात, त्यामुळे हात कळफलकावरून उठतच नाहीत. यात मला लहर दिसत नाही. बोटांना जे पाठ झाले आहे ते पुन्हा शिकण्यात डोके अडकू नये, एवढाच त्यातला व्यवहार आहे.

मराठी लिहिणाऱ्यांना ही अडचण जास्तच टोचते. मुंबईत फोर्टमध्ये न्यायालयांच्या आसपास बसणाऱ्या टंकलेखकांना मराठी टाइप करताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. ‘किती’ हा शब्द टाइप करताना यंत्रावर आधी ऱ्हस्व वेलांटी पडते आणि मग ‘क’, कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. ‘ख’ किंवा ‘श’ काढायचा तर आधी अर्धे अक्षर आणि मग काना. म्हणजे यंत्र अक्षराच्या चित्रामागे चालते. १९८६ साली शासनाने प्रमाण ठरवलेला इनस्क्रिप्ट कळफलक उच्चारामागे चालतो; तिथे ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर. टायपिंग क्लासमध्ये ‘मराठी तीस’ची परीक्षा यंत्रावर दिलेल्या माणसाला इनस्क्रिप्टवर बसवले, तर पहिले काही आठवडे त्याला शब्द सुचण्याऐवजी वेलांट्याच सुचतात. अशा वेळी तो जुन्या कळफलकाला चिकटून राहिला, तर त्याला अडाणी ठरवू नये. लोकलमध्ये दांडीला लटकून मोबाइलवर एका अंगठ्याने कविता लिहिणाऱ्या तरुणालाही त्याचा कळफलक बदलून दिला, तर तोही असाच वैतागेल.

मात्र इथे दोन गोष्टींची गल्लत होते, आणि तिचा फटका मराठी लेखनाला बसला आहे. कळफलक ही बोटांची सवय आहे; मजकूर संगणकात कोणत्या सांकेतिक रूपात साठतो, ही वेगळी बाब आहे. युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत; तिच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेले लेख तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडले की अगम्य चिन्हांची रांग दिसते, आणि अनेक जुन्या लेखकांचे, छोट्या प्रकाशकांचे साहित्य आज अशाच फाइलींत पडून आहे. जुन्या टंकलेखन यंत्राचीच मांडणी ठेवून युनिकोडमध्ये लिहिता येते. तशी सोय उपलब्ध आहे. तेव्हा ज्यांच्या घरी अशा फाइली असतील त्यांनी जुना फाँट ज्या संगणकावर अजून चालतो आहे, तो भंगारात काढण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, जोडाक्षरे आणि रफार मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावेत, आणि मगच जुनी प्रत पुसावी.

नमस्कार.