सब्जेक्टच्या ओळीतली पंचगंगा

[दृश्य: उद्यमनगर, सकाळ. लेथचा आवाज.]

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दिवसभर लेथ चालतात. त्यातल्याच एका वर्कशॉपच्या माडीवर, खिडकी लावून घेऊन, एक सॉफ्टवेअर डेव्हलपर बसलेला असतो. बरोबरीची पोरं पुण्याला गेली, बेंगळुरूला गेली. हा आईसाठी मागं राहिला. पोटापाण्याचं काम परगावचं, तेही घरूनच. आपण नेमकं काय करतो हे समोर बसून ऐकणारं माणूस त्याला या शहरात अजून मिळालेलं नाही.

रात्री मात्र तो बिनपगारी काम करतो. ईमेलच्या नियमांची टिपणं काढतो.

ईमेल कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. खालच्या वर्कशॉपात कापलेला बोल्ट शिरोलीत बनलेल्या नटात बसतो, कारण आट्यांचं माप दोघांनी एकच धरलेलं असतं. ईमेलचंही तसंच. ही मापं ऑगस्ट १९८२ मध्ये कागदावर आली. इंटरनेटच्या नियमांच्या अशा क्रमांकित कागदाला आरएफसी म्हणतात. जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी ८२१ मध्ये पत्र पोचवायचं कसं ते आहे, आणि डेव्हिड क्रॉकर यांच्या आरएफसी ८२२ मध्ये पत्र मांडायचं कसं ते. २००१ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये दोन्ही नव्यानं लिहिले गेले. हे काम इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या मंडळात चालतं. तिथं सभासदत्व नाही, वर्गणी नाही, डिग्री कुणी विचारत नाही.

पण नियम विखुरलेले. मूळ एका कागदात, दुरुस्ती दुसऱ्यात, अपवाद तिसऱ्यातच. कोणता नियम आज लागू आहे ते शोधायचं, सोप्या शब्दांत लिहायचं आणि पडताळून पाहायला एक नमुना मेल जोडायचा, हे काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं.

[दृश्य: स्क्रीन. सब्जेक्ट: 'कोल्हापूर पंचगंगा पाणीपातळी'.]

हा त्याचा लाडका नमुना. मेलच्या हेडरला, म्हणजे सब्जेक्टसारख्या वरच्या ओळींना, मुळात फक्त आस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं, एवढंच चालायचं. देवनागरीला सहसा त्याच वेशात जावं लागतं. 'कोल्हापूर' हा शब्द संगणकाच्या लेखी नऊ चिन्हांचा: क, त्याचा ओकार, ल, त्याचा पाय मोडणारं चिन्ह, असं करत शेवटच्या र पर्यंत. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे सत्तावीस. बेस६४, म्हणजे बाइटांना आस्कीच्या वेशात घालायची रीत, तिनाचे चार करते, झाले छत्तीस. पुढचं-मागचं वेष्टण बारा अक्षरांचं. एका शब्दाला अठ्ठेचाळीस!

आणि १९९६ चा आरएफसी २०४७ सांगतो, असा एक तुकडा ७५ अक्षरांच्या वर जाता कामा नये. म्हणजे तुकड्यात मजकुराचे बाइट मावणार पंचेचाळीस. 'कोल्हापूर', मधली मोकळी जागा आणि 'पंचगं' एवढ्यात त्रेचाळीस संपतात. उरले दोन, आणि पुढच्या 'ग'ला हवेत तीन. शहाणा प्रोग्राम तिथं थांबतो आणि अख्खा 'ग' पुढच्या तुकड्यात नेतो. नियमच आहे तसा, अक्षर मधून तोडू नये. बेफिकीर प्रोग्राम दोन बाइट इकडं, एक तिकडं टाकतो आणि पंचगंगेच्या मधोमध काळं प्रश्नचिन्ह उगवतं. पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, अशा दिवसांत असला मेल कुणाला नको असतो.

फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही खोड सहसा दिसतच नाही. म्हणून हा नमुना इथून जायला हवा होता.

छापलेला आरएफसी नंतर बदलत नाहीत. चूक सापडली तर शुद्धिपत्र नोंदवायचं. ते मान्य होतं, फेटाळलं जातं किंवा पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवलं जातं. उत्तरं येतात ती कोरडी, दोन ओळींची, कधी महिन्यानं. त्यानं एकटेपण गेलं असं म्हणणं जरा फिल्मी होईल. एवढं खरं, की त्याच्या स्वल्पविरामावर वाद घालणारं कुणीतरी आता आहे.

[दृश्य: जिना. खालचे वर्कशॉपवाले वर येतात.]

"काय भावा, पगार किती देत्यात ह्याचा?"

"काय न्हाई काका."

"मग करतोस कशाला?" उत्तराची वाट न बघता काका मोबाइल पुढं करतात. "हे बघ जरा. कोटेशन पाठवलं की गिऱ्हाईकाच्या स्पॅममध्ये पडतंय."

गिऱ्हाईकानं परत धाडलेला मेल तो उघडतो. 'रिसीव्ह्ड'च्या ओळी खालून वर वाचत जातो, कारण प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का वरच मारतो. मग काकांच्या डोमेनची, म्हणजे मेलच्या पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, नोंद तपासतो. आमच्या नावानं मेल कोणत्या सर्व्हरनं पाठवावा, हे जाहीर करणारी एसपीएफची ओळच तिथं नाही.

"ती कुठं घालायची?" काका खुर्ची ओढतात.

तो एसपीएफचा कागद उघडतो. आरएफसी ७२०८, एप्रिल २०१४. याचं टिपण अजून व्हायचंय.