नाशिकच्या सुट्टीत मुलांचं पोट आणि ताप

नमस्कार मंडळी. परदेशातून नाशिकला यायची दिवाळीची तिकिटं निघाली असतील, तेव्हा मुद्द्याचंच बोलते.

नाशिकला पोचल्यावर मुलाचं पोट बिघडलं की खापर मिसळीवर फुटतं. रस्सा बिचारा उकळता असतो. घात करतो तो वरचा कच्चा कांदा, गोळ्याचा बर्फ आणि माठात बोटांसकट बुडवलेला पेला. पाणी खळखळून उकळलं की आणखी मिनिटभर उकळू द्या, झाकून गार करा, ओगराळ्यानं काढा. रामकुंडावर तीर्थ मुलांच्या ओठी लावू नका. आजी रागावतील, रागावू देत.

जुलाब लागले तर ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवायची साखर-क्षारांची पूड. मोठं पाकीट एक लिटरचं, छोटं 200 मिलीचं. पाकिटावर वाचा आणि अख्खं पाकीट एकदम कालवा. मोठ्या पाकिटातली अंदाजे चमचाभर पूड पेल्यात टाकणं हा घरोघरचा घोळ. दाट झालं तर रक्तातलं सोडियम वाढतं, पातळ झालं तर क्षार पुरत नाहीत. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला 50 ते 100 मिली, मोठ्याला 100 ते 200. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्यानं. उरलेलं 24 तासांनी ओतून द्या. खोक्यातली गोड फळपेयं ओआरएस नव्हेत. त्यांतल्या साखरेनं जुलाब वाढतात. अंगावरचं दूध, वरणभात चालूच ठेवा. डॉक्टरांनी दिलेलं झिंक जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण द्या.

तापाच्या औषधात खरी गफलत परदेशातून येणाऱ्यांचीच होते. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. बारा किलोच्या मुलाला 180 मिलिग्रॅम. अमेरिकेतल्या 5 मिलीत 160 असणाऱ्या बाटलीतून ते साधारण 5.6 मिली होतं. भारतातल्या 5 मिलीत 250 असणाऱ्या बाटलीतून 3.6. अमेरिकेतलं सवयीचं माप या भारतातल्या बाटलीला लावलं की डोस दीडपट होतो. मापाची सिरिंज न्या, घरातला चमचा नको. पावसाळ्यानंतर डेंग्यूचे दिवस असतात. तो नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सहा-आठ तास लघवी नाही, शौचात रक्त, मूल मलूल किंवा पाणीही घेईना, तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा.

टायफॉइडची लस मात्र निघण्याआधी किमान दोन आठवडे टोचून घ्या.