ट्रेमध्ये जाण्याआधीचा कागद

[दृश्य : न्यायालयाच्या अभिलेख कक्षातलं लांब टेबल. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. टेबलाच्या टोकाला स्कॅनर.]

निवेदन :
हा एका दिवाणी दाव्याचा गठ्ठा. फडकं सोडलं की रोजनामा, दावा, कैफियत, वकीलपत्र, साक्षीपुरावे, पंचनामा, सगळं एकात एक ओवलेलं. काही पानं जाड हिरव्या लेजर कागदाची, काही साध्या ए-फोरची. मधेच टंकयंत्रावरच्या कार्बन प्रती, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ. वकीलपत्रावर कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलेला. कोपऱ्यात दोरा, दोऱ्याशेजारी गंजलेली टाचणी, आणि तिच्याखाली लपलेली स्टेपलरची पिन.

अशी कागदपत्रं देशभरात किती असतील? न्यायालयांचं कामकाज संगणकावर आणणाऱ्या ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली, ७,२१० कोटी रुपयांची. त्यातले २,०३८.४० कोटी एकट्या स्कॅनिंग, डिजिटायझेशन आणि जतनासाठी. डोळ्यांसमोर होती सुमारे ३,१०८ कोटी कागदपत्रं.

[दृश्य : स्कॅनरचा ट्रे. कागद सरसर आत जातात.]

टेबलावर मावणाऱ्या, नेहमीच्या वापरातल्या एका स्कॅनरचं उदाहरण घेऊ, फुजित्सूचा एफआय-७१६०. ट्रेमध्ये ८० कागद, वेग मिनिटाला ६०. म्हणजे भरलेला ट्रे ८० सेकंदांत रिकामा. मोठी यंत्रंही आहेत. एफआय-७९०० मध्ये एका वेळी ५०० कागद बसतात आणि ए-फोर आडवा घातला तर मिनिटाला १४० जातात. तिथेही साडेतीन-चार मिनिटांत ट्रे मोकळा. ही सगळी क्षमता ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) कोऱ्या, सपाट कागदावर मोजलेली असते. लेजर कागद जाड, जुनं पान चुरगळलेलं. त्यामुळे आपल्या गठ्ठ्यातली पानं ट्रेमध्ये निम्मीच घालावीत. दोन निम्मे ट्रे न अडकता गेले, तर ते मधेच अडकणाऱ्या काठोकाठ ट्रेपेक्षा लवकर संपतात.

[दृश्य : झाकण उघडलेलं. दोन रबरी रोलर समोरासमोर.]

कागद अडकतो तो इथे. एका बाजूचा पिक रोलर कागद आत ओढतो. समोरचा ब्रेक रोलर त्याला अडवून धरतो. एकच पान आलं, तर ओढ जास्त पडते आणि ब्रेक रोलरही त्याच्यासोबत फिरतो. दोन पानं एकदम आली, तर ती एकमेकांवरून घसरतात, आणि ब्रेक रोलर दुसऱ्याला जागीच थोपवतो. सगळा खेळ घर्षणाचा. रबर आणि कागद यांची पकड घट्ट हवी, कागदाची कागदाशी सैल. हे गणित बिघडलं की एक तर पान उचललंच जात नाही, नाही तर दोन-तीन मिळून आत घुसतात.

आणि ते बिघडवायला कोकणातला जुलै पुरेसा आहे. कागद दमट हवेतलं पाणी पितो, फुगतो, कडा वळतात, पानं एकमेकांना चिकटतात. म्हणून पावसाळ्यात गठ्ठा आदल्या दिवशीच स्कॅनिंगच्या खोलीत आणून सोडून ठेवावा. कागदाने त्या खोलीच्या हवेशी जुळवून घेतलं पाहिजे. कोरड्या थंडीत त्रास उलटा : स्थिर विजेने पानं चिकटतात.

[दृश्य : हातांचं जवळून चित्रण. पिना काढणं, पानं फुलवणं.]

आता हे हात नीट बघा. चपट्या पात्याने आधी पिन उचकटायची, मग टाचणी, मग दोरा. पिनेचं तुटलेलं टोक कागदात राहिलंय का, ते बोटाने चाचपायचं. तेच टोक पुढे आतल्या काचेवर ओरखडा काढतं आणि मग प्रत्येक पानावर उभी रेघ येते. दुमडलेले कोपरे उलगडायचे. मग थोडीशीच पानं हातात घेऊन दोन्ही टोकांनी फुलवायची, म्हणजे मधे हवा शिरते. बाजू बदलून पुन्हा एकदा. टेबलावर ठोकून कडा जुळवायच्या आणि आत जाणारी कड किंचित उतरती ठेवायची, पानं पायऱ्यांसारखी. ट्रेच्या बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकतील एवढ्याच सरकवायच्या. दाबल्या तर पान वाकतं, सैल सोडल्या तर तिरकं जातं.

पातळ कार्बन प्रती वेगळ्या काढून पारदर्शक कव्हरातून घालाव्यात. फाटकी, जीर्ण, मोडी लिपीतली पानं फीडरला, म्हणजे कागद आत ओढणाऱ्या ट्रेला, दाखवूच नयेत. त्यांच्यासाठी सपाट काचेचा किंवा वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर आहे.

हे काम कुठल्याच अहवालात दिसत नाही. स्कॅनरची खरी क्षमता मात्र याच टेबलावर ठरते.

[दृश्य : पडद्यावर डबल फीडची सूचना.]

अडकलेला कागद निदान दिसतो तरी. दोन पानं एकदम गेली आणि कुणाला कळलंच नाही, तर निशाणी २४ चं, म्हणजे दाव्यातल्या त्या क्रमांकाच्या कागदाचं, दुसरं पान कायमचं हरवतं. अपिलात कुणाचं तरी घर-शेत त्या पानावर अवलंबून असू शकतं.

त्यासाठी यंत्रात अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो. कागदाच्या एका बाजूने ध्वनिलहरी सोडतात, दुसऱ्या बाजूने ऐकतात. दोन पानांमधला हवेचा पातळ थर आवाज पार दाबून टाकतो आणि यंत्र थांबतं. अडचण अशी, की चिकटवलेला कोर्ट फी स्टॅम्पही त्याला दुसरं पानच वाटतो. दर वकीलपत्राला यंत्र थांबू लागलं की वैतागून सेन्सर बंद करण्याचा मोह होतो. तो कधीही बंद करू नये. स्टॅम्पची जागा तेवढी तपासणीतून वगळण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती वापरावी.

[दृश्य : रोलर पुसणं.]

रोलर रोज पुसायला हवा. पेन्सिलीच्या नोंदी, जुन्या कागदाची धूळ आणि फडक्याचे तंतू रबरावर बसतात, पृष्ठभाग चकचकीत होतो आणि पकड सुटते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेलं, धागे न सुटणारं कापड पुरतं. थिनर नको. रबर झिजतंच, एफआय-७१६० साठी कंपनीचं मोजमाप आहे २ लाख कागद किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. दोन्ही रोलर एकत्र बदलावेत आणि यंत्रातली कागदांची मोजणी पुन्हा शून्यावर आणावी.

तरीही कागद अडकलाच, तर आधी ट्रेमधली पानं काढा, झाकण उघडा आणि दोन्ही हातांनी पान सरळ ओढा. हिसका नको. तुकडा आत राहिलाय का बघा. मग गेलेली शेवटची दोन पानं पडद्यावर तपासून तिथूनच पुढे चला.

स्कॅनिंगच्या निविदेत बहुधा एकच दर मागितला जातो, पानामागे इतके पैसे. त्यात पिना काढण्याचा, पानं मोजून पुन्हा ओवण्याचा वेळ कुठे धरायचा? तयारीचा दर वेगळा लिहावा, रोलरच्या जोड्या खरेदीच्या यादीतच घालाव्यात, आणि बिल मंजूर करण्याआधी मूळ फाइलीतली पानं व पडद्यावरची पानं जुळवून घ्यावीत.