गोळी उपाशीपोटीच का?

[दृश्य: खारघर स्टेशन, सकाळ. रिक्षांची रांग.]

इथे रिक्षात बसून ‘टाटा’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे कॅन्सरच्या उपचार-संशोधनाचं केंद्र, इथेच, खारघरला.

कॅन्सरच्या काही गोळ्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: उपाशीपोटी घ्या. पुष्कळांना ते पथ्य वाटतं. प्रोस्टेट कॅन्सरवरच्या अ‍ॅबिराटेरोनच्या बाबतीत मात्र तो थेट मात्रेचा प्रश्न आहे. भरपूर तेलातुपाच्या जेवणावर ही गोळी घेतली, तर रक्तात सुमारे १० पट औषध उतरतं!

अशी बरीच औषधं पाण्यात विरघळतच नाहीत. हळदीसारखंच, पाण्यात गाळ बसतो, फोडणीत रंग सुटतो. पोटात चरबी गेली की पित्त तिचे बारीक थेंब करतं आणि त्यांच्याबरोबर औषधही आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतं. मग पेशंटच्या ताटावर कशाला विसंबायचं? मोजून चरबी औषधातच घाला. तोंडाने घ्यायच्या लिपिड नॅनोकणांमागची, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या चरबीच्या अतिसूक्ष्म कणांमागची, कल्पना हीच.

[अ‍ॅनिमेशन: आतड्याची आतली भिंत.]

हे कण काहीशे नॅनोमीटरचे, किंवा त्याहून लहान. शरीराच्या उबेतही घट्ट राहणाऱ्या चरबीचे कण १९९० च्या दशकात आले. पण घट्ट चरबी साठवणीत स्फटिक होते आणि औषध बाहेर ढकलते, म्हणून पुढे त्यात थोडं तेल मिसळू लागले.

खरी गंमत वाटेची आहे. आतड्यातून शोषलेलं बहुतेक औषध आधी यकृतात जातं आणि काही औषधं तिथेच बरीचशी मोडतात. लांब साखळीची चरबी मात्र लसिकावाहिन्यांतून, यकृताला वळसा घालून, थेट मानेच्या पायथ्याशी शिरेत उतरते. तिच्यासोबत निघालेलं औषध तेवढं वाचतं. सगळं वाचत नाही. पाचकरस कण फोडतात, आतड्यातला चिकट थर, श्लेष्मा, त्यांना अडवतो.

पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध तर भलतंच हट्टी. आतड्याच्या पेशींतला पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप ते परत बाहेर फेकतो. म्हणून ते सहसा शिरेतून देतात, आणि सोबतच्या द्रावकाची अ‍ॅलर्जी येऊ नये म्हणून आधी स्टेरॉइड. दक्षिण कोरियाने २०१६ मध्ये जठराच्या कॅन्सरसाठी पिण्याचं पॅक्लिटॅक्सेल मंजूर केलं. ते लिपिडांत विरघळवलेलं द्रव औषध आहे. नॅनोकण नव्हे, पण सख्खा भाऊ.

[दृश्य: घरातलं टेबल, औषधांचा डबा.]

सलाइनमधलं औषध नर्सच्या डोळ्यांदेखत जातं. घरी घेतलेल्या डोसनंतर उलटी झाली, तर किती आत राहिलं, कोण सांगणार? ‘तोंडाने म्हणजे सोपं’ म्हणताना हे विसरलं जातं. अशा वेळी आपल्या मनाने दुसरा डोस घेऊ नका. आधी डॉक्टरांना फोन करा.