नैवाशाच्या काठी एक रात्र

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं नैरोबीला होतो, लेकीकडे. तिच्या बाळंतपणासाठी मी आधी गेले होते, हे मागून आले. बाळाची अंघोळ, शेक-शेगडी, रात्रीची जागरणं, सगळं चाललं होतं. एका शुक्रवारी लेक म्हणाली, "आई, उद्या तू आणि बाबा नैवाशाला जाऊन या. एक रात्र राहा." मी नाहीच म्हटलं. तेव्हा तिने विचारलं, "तुम्ही दोघंच असे शेवटचे कुठे गेला होतात, सांग बरं." मी आठवत बसले. लग्नाला 38 वर्षं झालेली. नोकऱ्या, सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या परीक्षा. काही केल्या आठवेना. म्हणून निघालो.

नैरोबीपासून नैवाशा सरोवर साधारण 90 किलोमीटर. चहाचे हिरवे मळे आणि झाडी मागे पडते आणि एका वळणावर पायाखालची जमीनच संपते. खाली पसरलेली असते ती खचदरी. पृथ्वीचं कवच ताणलं जाऊन मधला पट्टा खचला, त्यातून झालेली. समोर लोंगोनोटचा ज्वालामुखी, 2,776 मीटर उंच, डोक्यावर गोल विवर घेऊन बसलेला. घाटमाथ्यावरून कोकण बघायची सवय असलेली आम्ही माणसं, तरी गाडी थांबवून कितीतरी वेळ गप्प उभे राहिलो.

मुक्कामाच्या जागी पोचलो तर यांनी खिशातून कागद काढला. यादी केली होती! हेल्स गेट अभयारण्यात सायकल, क्रेसेंट बेटावर जिराफांच्या जवळून फेरी, होडी, परतताना लोंगोनोट. मी म्हटलं, "अहो, मला आज कुठेच जायचं नाही." यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या घडीसाठी मी यांची फार ऋणी आहे. एका रात्रीसाठी जाणाऱ्यांना मी हेच सांगेन, की यादी घरी ठेवा. पाच ठिकाणं गाठायची म्हणजे पुन्हा घड्याळाचीच चाकरी.

हिरवळीवर पिवळट-हिरव्या सालीची उंच झाडं होती. त्यांना तिथे 'तापाची झाडं' म्हणतात. पूर्वी युरोपियनांना वाटे, की या झाडांमुळेच ताप येतो. खरा ताप होता ओलसर जमिनीवरच्या डासांचा. त्या सावलीत आम्ही खुर्च्या ओढल्या. फांद्यांवर काळी-पांढरी कोलोबस माकडं, लांब झुपकेदार शेपट्या सोडून बसलेली. सकाळी सरोवर काचेसारखं होतं म्हणे, पण दुपारी वारा सुटला आणि लाटा उठल्या. मसाई भाषेत या नावाचा अर्थच खवळणारं पाणी असा आहे.

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. पाण्याकडे बघत म्हणाले, "या सरोवरातून बाहेर नदी निघत नाही, तरी पाणी गोडं आहे. बाजूची नाकुरू, एलमेंटाइटा खारी आहेत." मग स्वतःच उत्तर दिलं, की इथलं पाणी जमिनीखालून झिरपून वाहून जातं, म्हणून क्षार साठत नाहीत. मलेवा नदी कुठून येते, तेही सांगितलं. यांना पाण्याबद्दल असं मनापासून बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. घरी आमचं बोलणं म्हणजे गॅस, वीजबिल, औषधाच्या गोळ्या. बोलता बोलता हे खुर्चीतच झोपले. भर दुपारी, उजेडात, मी यांचा चेहरा निवांत पाहिला. कपाळावर एक बारीक व्रण आहे. कधी पडला, मला ठाऊकच नव्हतं. उठल्यावर विचारलं, तर लग्नाच्या आधीचा निघाला.

जेवायला चपाती, नारळाच्या रसातला राजमा आणि कचुंबरी. हो, कचुंबरीच म्हणतात तिथे, कांदा-टोमॅटो बारीक चिरून. चपाती, चहा, गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका' असे किती शब्द आपल्याकडच्या माणसांबरोबर समुद्र ओलांडून गेले आहेत. वाढणारी मुलगी मला "मामा" म्हणत होती. स्वाहिलीत मामा म्हणजे आई.

अंधार पडल्यावर खोलीकडे एकट्याने जायचं नाही, अशी तिथे सक्त ताकीद असते. हातात बॅटरी घेतलेला राखणदार, अस्कारी, सोबत येतो. कारण दिवसभर उन्हापासून कातडी जपत पाण्यात बसलेले पाणघोडे रात्री चरायला काठावर येतात. एक जनावर रात्रीतून 40 किलोच्या आसपास गवत खातं. अस्कारीने हात वर करून आम्हाला थांबवलं. कुंपणाच्या तारेपलीकडे गवत उपटल्याचा आवाज, चरचर, आणि एक प्रचंड सावली. मी यांचा दंड घट्ट धरला होता. खोलीच्या दाराशी अस्कारी म्हणाला, "लाला सालामा." सुखाने झोपा.

अंथरुणात गरम पाण्याच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या. जून तिथला थंडीचा महिना. पण आम्ही शाली गुंडाळून व्हरांड्यातच बसलो. चंद्र नव्हता. विषुववृत्त अगदी जवळ, त्यामुळे ध्रुवतारा दिसतच नाही. मात्र दक्षिणेला त्रिशंकू आणि उत्तरेला, थेट सरोवरावर, सप्तर्षी, दोघेही जवळजवळ सारख्या उंचीवर.

आमचं लग्न मे महिन्यातलं, भर दुपारच्या मुहूर्ताचं. गुरुजींनी मांडवाच्या कापडाकडे बोट दाखवून "अरुंधती बघा" म्हटलं होतं आणि आम्ही दोघांनी मान डोलावली होती. ते राहूनच गेलं होतं.

"वसिष्ठाशेजारी बघा, बारीक," मी म्हटलं.

"मला एकच दिसतोय गं."

मी यांचं बोट धरून नेमकं तिकडे नेलं. बराच वेळ लागला. मग यांचा श्वास थांबल्यासारखा झाला, आणि मला कळलं, की दिसली.